चिनी बायकांवर अभ्यास करायचाय तर माओचा काळ घ्यावा की नंतरचा?

गेल्या तीन-चार वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा बसून लिहूनच टाकावं म्हटलं. एम.ए. ला समाजशास्त्र नाहीतर स्त्री अभ्यास घेतलेली मुलं-मुली, एक-दोन व्याख्यान देणारे, चिनी भाषेचा कोर्स करणारी नाशिकची एक मुलगी, सगळ्यांची अडचण एकच. चीनमधल्या स्त्रियांचं समाजातलं स्थान कसं बदललं यावर साठ-सत्तर पानं लिहायचीत, गाईड म्हणतात आवाका कमी करा, मग १९४९ ते १९७६ हा माओचा काळ घेऊ का १९७८ च्या आर्थिक सुधारणांनंतरचं घेऊ. मीही याच फाट्यावर अडलो होतो, आणि चांगले सात-आठ महिने अडलो होतो.

मी प्राध्यापक नाही. इचलकरंजीत आमचे माग होते, पुढं कापडाच्या एजन्सीत पडलो आणि २००९ पासून चीनमध्ये शाओशिंगजवळ कछ्याओच्या कापडबाजारात ये-जा सुरू झाली. तिकडं आपली भारतीय माणसं भरपूर, खाणावळी सुद्धा आहेत, पण मी एका चिनी आजींच्या घरी वरची खोली भाड्यानं घेतली आणि भाषा तिथंच शिकलो. एम.ए. नंतर केलं, बाहेरून परीक्षा देऊन, वयाच्या चाळिशीत. त्यामुळं खाली जे लिहितोय ते एका माणसाच्या अनुभवावरून आहे, तेवढं धरून वाचा.

मुलींचे पाय लहान राहावेत म्हणून ते बांधणं, बाईनं आधी बापाचं मग नवऱ्याचं मग मुलाचं ऐकायचं ही कन्फ्यूशियसवाल्यांची शिकवण, सवती, हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार म्हणून सोडून देतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच, की १९४९ च्या आधीचं का नको. काळ फार मोलाचा आहे हो. शाओशिंगच्या श्वानथिंगखौ चौकात छिउ चिन या क्रांतिकारक बाईचं स्मारक आहे, त्याच जागी १५ जुलै १९०७ ला तिचं डोकं उडवलं, जेमतेम तिशीची बाई, नवरा आणि दोन मुलं मागं ठेवून १९०४ मध्ये जपानला शिकायला गेलेली, परत येऊन बायकांसाठी मासिक काढलेली, पाय बांधू नका म्हणून सांगत फिरलेली. मी पहिल्यांदा तिथं उभा राहिलो तेव्हा बराच वेळ हललोच नाही. पण त्या काळाचं मूळ साहित्य वाचायला जुनी चिनी भाषा लागते, ती दोन वर्षांत येत नाही. म्हणून तो पर्याय बाजूला, आणि उरले दोन.

आधी माओच्या काळाचं बघू. यात चौकट पक्की मिळते. १ मे १९५० ला विवाह कायदा लागू झाला, सगळी मिळून २७ कलमं, एका संध्याकाळी वाचून होतात. लादलेलं लग्न बंद, सवत आणायची नाही, लहानपणीच पोरगी सून म्हणून आणून कामाला जुंपायची नाही, विधवेच्या लग्नात आडवं यायचं नाही, घटस्फोट बाईलाही मागता येणार. त्याच वर्षीच्या जमीन सुधारणेत बाईलाही वाटा. हे सगळं कागदावर, आणि मग गावात काय झालं ते बघायला गेलं की अंगावर काटा येतो. घटस्फोट मागायला बायका पुढं आल्या, नवरे आणि सासवा चिडल्या, गावातले पक्षाचे कार्यकर्ते सुद्धा बरेचदा नवऱ्याच्याच बाजूनं, मारहाणीत आणि आत्महत्येत इतक्या बायका गेल्या की १९५३ च्या मार्चमध्ये सरकारला अख्खा महिनाभर कायद्याच्या प्रचाराची मोहीम काढावी लागली. आणि ती मोहीम संपली तसा सूर बदलला, घटस्फोटापेक्षा समजूत घाला यावर भर आला. एवढ्या तीन-चार वर्षांतच अख्खा प्रबंध बसतो खरं तर.

शिवाय या काळात ठळक माणसं आहेत. शान्शी प्रांतातल्या शीकोऊ गावची शन चीलान घ्या. शेतावरच्या कामाचे गुण लिहायचे, त्यात पुरुषाला दिवसाला दहा गुण आणि बाईला पाच, म्हणून बायका शेतावर यायलाच तयार नव्हत्या, हिनं १९५२ च्या सुमारास पुरुषांशी शेणखत पसरायची पैज लावली आणि बायकांनी बरोबरी करून दाखवली, तिथून समान कामाला समान मोल हा विषय देशभर गेला. ती १९५४ च्या पहिल्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेपासून, म्हणजे तिथल्या संसदेपासून, तेराव्या सभेपर्यंत सलग निवडून गेली आणि २०२० मध्ये वारली. मग १९५८ ला सामुदायिक भोजनगृहं, पाळणाघरं, चुली बंद, बायका शेतात, आणि त्याच्या मागोमाग १९५९ ते ६१ चा दुष्काळ. मग साठच्या दशकातल्या पोलादी पोरी, ट्रॅक्टरवर बसलेल्या, विजेच्या खांबावर चढलेल्या, अर्धं आकाश बायका पेलतात ही घोषणा. साहित्याला तोटा नाही.

या काळात खटकतं ते म्हणजे छापील साहित्यात सगळ्या बायका एकाच आवाजात बोलतात. आधी कडू, आता गोड, हाच साचा. आधी जमीनदारानं छळलं मग पक्ष आला आणि सुख आलं, एवढंच. सासूशी भांडण झालं का, पाळीच्या दिवसांत पाण्यात उभं राहून भात लावताना काय होत होतं, तान्हं मूल कुणाजवळ ठेवलं, यातलं काही सापडत नाही. मला सुरुवातीचे दोन महिने याचा इतका वैताग आला की मी हा काळ सोडूनच दिला होता आणि नंतरचा धरला होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण मी पहिल्यापासून एका बाजूचा नव्हतो.

नंतरचा काळ धरला तो हौसेनं. आणि का धरू नये, सगळं डोळ्यासमोर होतं. कछ्याओच्या बाजारात दुकानामागून दुकान बायका चालवतात, लावबान-न्यांग म्हणतात त्यांना, म्हणजे मालकीणबाई, एका हातात कॅल्क्युलेटर, दुसऱ्या हातानं कापडाचा पोत बघतायत, आणि मीटरमागं पाच पैशांवरून तुम्हाला अर्धा तास घुमवतील. आकडे बघितले तरी मान डोलवावी असे आहेत. १९९० मध्ये लाख जन्मांमागं ८८.८ बायका बाळंतपणात दगावत होत्या, २०२० मध्ये १६.९. पदवीच्या वर्गात मुली निम्म्याहून जास्त. दुसऱ्या बाजूला खेड्यातून कारखान्यात आलेल्या दागोंगमेई, म्हणजे कामकरी पोरी, ज्यांच्या कष्टावर शेन्जेनसारखी शहरं उभी राहिली, आणि १९ नोव्हेंबर १९९३ ला तिथल्या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली तेव्हा खिडक्यांना गज आणि दारं बंद, ८७ जीव गेले, बहुतेक सगळ्या तरुण मुली. मागांच्या शेडमध्ये वाढलेल्या माणसाला हे वाचताना काय होतं ते वेगळं सांगायला नको.

एक मूल धोरणावर तर वेगळा प्रबंध होईल. १९८० पासून २०१५ अखेरपर्यंत चाललं, २००४ च्या आसपास शंभर मुलींमागं १२१ मुलगे जन्मत होते. याच धोरणामुळं शहरातल्या एकुलत्या एक मुलींवर आईबापांनी सगळा पैसा आणि जीव लावला आणि त्या शिकून पुढं गेल्या हेही खरं, दोन्ही एकाच धोरणातून आलं. मग १९९५ ची बीजिंगची जागतिक महिला परिषद, २०१६ चा घरगुती हिंसाचार विरोधी कायदा. उलट दिशेनं बघायचं तर २००७ नंतर सत्तावीस ओलांडलेल्या शिकलेल्या मुलीला शंगन्यू म्हणजे उरलेली बाई म्हणायची सुरुवात, आणि ती सुद्धा सरकारमान्य, ऑक्टोबर २०२२ मध्ये पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या वरच्या मंडळात, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एकही बाई नाही, लग्नंच कमी झाली, २०१३ मध्ये एक कोटी ३४ लाखांच्या वर नोंदली गेली होती ती २०२४ मध्ये ६१ लाखांवर आली. पोरी नाही म्हणायला शिकल्यात एवढं तरी त्यातून मला दिसतं, बाकी कारणं बरीच असतील.

आणि घराचा विषय. आजींची नात हांगचौला कापडाची डिझाईन करते, तिशीतली, लग्न नाही. तिनं मला एकदा समजावलं की रीत अशी, मुलाकडच्यांनी फ्लॅट घ्यायचा, मुलीकडच्यांनी आतलं रंगकाम, फर्निचर, फ्रिज-वॉशिंग मशीन, कधी गाडी. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विवाह कायद्याचा अर्थ असा लावला की आईबापांनी मुलासाठी घर घेऊन त्याच्याच नावावर नोंदवलं असेल तर ते त्या मुलाचं एकट्याचं. म्हणजे त्या वेळच्या नियमाप्रमाणं दहा वर्षांनी मोडलं तर फ्लॅट त्याचा राहायचा, तिचा फ्रिज जुना झालेला असायचा आणि भिंतीचा रंग उडालेला असायचा. ती म्हणाली, "काका, माझ्या आईला हे कळत नाही, ती म्हणते नवरा चांगला बघ, मी म्हणते कागद बघ." हे वाक्य मी प्रबंधाच्या पहिल्या पानावर घालायचं ठरवलं होतं.

आता ज्या गोष्टीनं माझा निर्णय फिरवला तिच्याकडं येतो.

नंतरच्या काळावर खरं, जिवंत लिखाण आहे ते सगळं ऑनलाईन. मुली तिथल्या चॅट अ‍ॅपवर लेख लिहितात, इतर मुली खाली आपले अनुभव लिहितात, नोकरीच्या मुलाखतीत मूल कधी होऊ देणार विचारलं, साहेबांनी रात्री मेसेज केला, माहेरच्या गावानं जमिनीच्या पैशात वाटा नाही म्हणून सांगितलं कारण लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव गावच्या यादीतून काढतात. सोनं होतं ते. मी एका वहीत लिंका उतरवून घेत होतो आणि फोनमध्ये सेव्ह करत होतो, आठवड्याला आठ-दहा तरी. गाईडनी पहिला आराखडा मंजूर केला, मी खुश. मग दिवाळीनंतर लिहायला बसलो आणि एकेक उघडायला लागलो. पहिली उघडली, लाल उद्गारचिन्ह आणि खाली एक ओळ, नियमभंगामुळं हा मजकूर दिसू शकत नाही. दुसरी, तेच. तिसरी उघडली, लेख आहे पण खालच्या सगळ्या प्रतिक्रिया गेलेल्या, आणि मला तर प्रतिक्रियाच हव्या होत्या. चौथीचं खातंच नाही. त्या रात्री त्रेचाळीस लिंका तपासल्या, सतरा जिवंत निघाल्या. वहीत माझ्या हातानं लिहिलेली शीर्षकं आणि समोर काहीच नाही.

तुम्ही म्हणाल स्क्रीनशॉट काढायचे. काढले की, पुढच्या खेपेपासून काढले. पण मग गाईडनी बरोबरच विचारलं की परीक्षकाला मूळ कुठं दाखवणार, आणि ज्या मुलीनं ते लिहिलं तिनं स्वतःच पुसलं असेल तर तुम्ही छापणं बरोबर का. याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. नात म्हणाली, काही जणी स्वतः पुसतात, काहींचं पुसलं जातं, बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही, २०१५ च्या मार्चमध्ये बसमधल्या छेडछाडीविरुद्ध स्टिकर वाटायच्या तयारीत असलेल्या पाच मुलींना पकडून महिनाभर आत ठेवलं होतं, आणि २०१८ ला महिला दिनाच्या रात्रीच 'स्त्रीहक्कांचा आवाज' नावाचं मोठं ऑनलाईन खातं कायमचं बंद झालं, तिथं वर्षानुवर्षं साठलेलं सगळं एका रात्रीत गेलं. अशा जमिनीवर साठ पानांचं घर बांधायचं म्हणजे रोज पाया सरकतो. आणि प्रत्यक्ष बोलायला गेलं तर तरुण मुली माझ्यासारख्या परदेशी माणसाशी, त्यात पुरुषाशी, हातचं राखूनच बोलतात, त्यांना दोष देता येत नाही, त्यांची नोकरी आहे, तिथंच राहायचंय.

याच खेपेत एका संध्याकाळी मी तोंड पाडून जेवायला बसलो होतो. आजी, मी त्यांना नायनाय म्हणतो, म्हणजे वडिलांची आई, त्यांनी नातीला विचारलं याला काय झालंय. तिनं सांगितलं की बायकांवर लिहायचं म्हणून जमवलेलं सगळं हरवलं. नायनायला ते नीट कळलं नसावं, त्यांना वाटलं कागद हरवले. त्या उठल्या, आतल्या लाकडी पेटीतून रजईच्या खोळीखालून एक पुडकं काढून आणलं आणि माझ्यासमोर ताटाशेजारी ठेवलं. म्हणाल्या, माझे आहेत, हे घे.

गोंगफनची वही होती ती. गोंगफन म्हणजे कामाचे गुण, कम्यूनमध्ये, म्हणजे गावाच्या सामुदायिक शेतीत, रोजच्या कामाला पैसे नाहीत, गुण मिळायचे आणि वर्षाअखेर त्या गुणांवर धान्य आणि रोख. तळहाताएवढी, विटकरी पुठ्ठ्याची, आत माओचं एक वचन, मग महिन्याला एक पान, एकतीस रकाने, प्रत्येक रकान्यात निळ्या शाईत आकडा आणि शेवटी नोंद ठेवणाऱ्याचा लाल शिक्का. १९७१ सालची. नायनायचा आकडा साडेसहा. साडेसहा, साडेसहा, साडेसहा, पानंच्या पानं. नवऱ्याची वही पण त्याच पुडक्यात होती, तिथं दहा, दहा, दहा. दोघं एकाच शेतावर, एकाच वेळी घर सोडणारे, फरक एवढाच की सकाळची पेज आणि दुपारचा भात शिजवून मग निघणारी ती होती.

मी पानं उलटत गेलो आणि ऑगस्टमध्ये थांबलो. तिथं साडेसहा नाही. तिथं बारा, तेरा, एका दिवशी साडेचौदा. मला वाटलं लिहिणाऱ्याची चूक. नायनाय हसल्या. त्या भागात वर्षाला दोन भातं, जुलै-ऑगस्टमध्ये आधीचं कापायचं आणि लगेच पुढचं लावायचं, श्वांगछ्यांग म्हणतात, दुहेरी घाई, त्या दिवसांत गुण रोजावर नाही तर लावलेल्या क्षेत्रावर मिळायचे, म्हणजे आपल्याकडं उक्तं देतात तसं. वाकून रोपं लावण्यात बायकांचा हात बसलेला. नवऱ्याच्या वहीत त्याच दिवशी अकरा. म्हणजे काम मोजलं तर ती पुढं, दिवस मोजला तर साडेसहा. एवढी गोष्ट मला दोन वर्षांत कुठल्या पुस्तकानं इतकी स्वच्छ दाखवली नव्हती.

मार्चच्या पानावर सलग एकोणीस रकाने कोरे. मी बोट ठेवलं. नात आणि त्या दोघी एकदम म्हणाल्या, बाबा. म्हणजे नातीचे वडील, तेव्हाचा जन्म. चिनी रितीप्रमाणं बाळंतिणीनं महिनाभर बाहेर पडायचं नसतं, पण विसाव्या दिवशी परत साडेसहा सुरू. मी विचारलं मूल कुणाजवळ. सासूजवळ. आणि रात्री काय करायचात. त्या म्हणाल्या, जोडे. घरात सात माणसं, कापडाचे थर चिकटवून तळवे शिवायचे, माणशी वर्षाला दोन जोड. चिमणीच्या उजेडात. त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट दाखवलं, सुई दाबून दाबून पेर वाकडं झालंय. त्याचे गुण कुठं लिहिलेत विचारलं तर त्यांनी हात हलवला, त्याचे कसले गुण.

मग शेवटचं विचारलं, वर्षाअखेर पैसे कोण आणायचं. कुटुंबप्रमुख. म्हणजे गुण तिच्या वहीत, पैसे नवऱ्याच्या हातात. मला त्या क्षणी आमच्याकडची शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची चळवळ आठवली, नवऱ्यांनी स्वतःहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा, १९९० च्या आसपास गावंच्या गावं पुढं आली होती. आणि लगेच नातीचं ते वाक्य आठवलं, कागद बघ. कम्यूनच्या वहीपासून हांगचौच्या फ्लॅटपर्यंत प्रश्न एकच निघाला, राबते कोण आणि नोंद कुणाच्या नावावर.

दुसऱ्या दिवशी गाईडना फोन करून सांगितलं, विषय बदलतोय, मागं जातोय.

आता एवढ्यावरून तुम्हीही माओचाच काळ घ्या असं मी म्हणणार नाही. माझ्याकडं राहायला घर होतं, नायनाय होत्या, त्यांची शाओशिंगची बोली मला अजून अर्धीच कळते ती समजावून द्यायला नात होती. हे सगळ्यांना मिळेलच असं नाही. तुमची चिनी चांगली असेल आणि तिकडं तुमच्या वयाच्या मैत्रिणी असतील तर नंतरचा काळ तुम्हाला जास्त उघडून दिसेल, विशेषतः तुम्ही स्वतः मुलगी असाल तर, त्या तुमच्याशी माझ्यापेक्षा मोकळं बोलतील यात शंकाच नाही. कायद्याचा विद्यार्थी असेल तर त्यानं तर नंतरचाच घ्यावा, २०२१ ची नागरी संहिता, संमतीनं होणाऱ्या घटस्फोटाला तीस दिवस थांबायची अट, २०२३ पासून लागू झालेला महिला हक्कांचा सुधारलेला कायदा, जानेवारी २०२५ पासून हळूहळू वाढणारं निवृत्तीचं वय, हे सगळं छापील, अधिकृत आहे, ते कुणी पुसत नाही. फक्त कायदा आणि आकडे एवढ्यावरच प्रबंध उभा राहणार असेल तर लिंका मरण्याची भीती नाही. मला बायकांचं बोलणं हवं होतं, तिथं गाडी अडली.

आणि जुन्या काळात पण धोके आहेतच. पन्नास वर्षांपूर्वीचं आठवताना माणूस गोड करून सांगतो, काही वेळा कडू करून. नायनाय पोलादी पोरींच्या दिवसांबद्दल बोलताना खुलतात, गाणी म्हणून दाखवतात, आणि तेच दिवस त्यांच्या धाकट्या बहिणीला विचारलं तर ती म्हणते माझी कंबर तिथंच गेली. दोन्ही लिहून ठेवा, जुळवत बसू नका. दुष्काळाच्या वर्षांबद्दल पहिल्या दिवशी विचारू नका, त्या आपणहून सांगेपर्यंत थांबा. मला नायनायनी ते पाचव्या वर्षी सांगितलं, लसूण सोलता सोलता, आणि मी ते प्रबंधात घातलं नाही.

कोणाला वाटेल आपल्या मराठी माणसाचं यात काय, तर डॉ. कोटणीसांच्या पत्नी गुओ छिंगलान आठवा. सोलापूरच्या डॉक्टरांशी त्यांनी १९४१ मध्ये लग्न केलं, विवाह कायद्याच्या नऊ वर्षं आधी, युद्धाच्या धामधुमीत, स्वतः निवडून, परदेशी माणसाशी. पुढच्याच वर्षी मुलगा झाला आणि डिसेंबरात डॉक्टर गेले. आपण डॉक्टरांबद्दल किती बोलतो आणि त्या बाईंबद्दल किती कमी. त्या थेट २०१२ पर्यंत होत्या. त्या पिढीच्या बायकांकडं बसून विचारायची वेळ आपण घालवली आणि तीच आता नायनायच्या पिढीवर आलीय. १९७१ ला तिशीत असलेली बाई आज पंच्याऐंशीची आहे. मी ज्या सात जणींशी बोललो त्यातल्या तीन आता नाहीत. नंतरच्या काळातल्या मुली अजून चाळीस वर्षं सांगायला आहेत, आणि मला आशा आहे की तेव्हा त्यांना जास्त मोकळं बोलता येईल. या एका कारणासाठी सुद्धा, दोन्ही पारडी सारखी वाटत असतील तर मी म्हणेन जुन्याकडं जा आणि लवकर जा.

गेलात तर एक करा. तुम्हाला स्वातंत्र्य मिळालं का, नवऱ्याची बरोबरी वाटायची का, असले प्रश्न घेऊन जाऊ नका, त्यावर तेच आधी कडू आता गोड ऐकायला मिळतं. फक्त विचारा, आजी, तुमचे गुण किती होते? माझ्या सातही जणींनी हातातलं काम न थांबवता आकडा सांगितला. सहा. साडेसहा. सात. एक म्हणाली साडेसात, आणि लगेच पुढं म्हणाली, आठ मिळायला हवे होते, नोंद ठेवणाऱ्याशी भांडले होते मी.

मग ते भांडण तिनं दीड तास सांगितलं.